लक्ष्मीबाई आणि रेव्हरंड टिळक

रविवारच्या सकाळी अकोल्यातील किंवा अमरावतीतील एखाद्या मराठी चर्चवरून कोणी जात असेल, तर आतून येणारे गायन ऐकून तो क्षणभर थबकल्यावाचून राहणार नाही. देवालयातील भजनाचीच आठवण व्हावी, अशी ती पदे असतात. अभंगाची चाल, ओवीचा साधेपणा आणि संतांच्या मुखी शोभावी अशी आर्जवी भाषा! ज्याला उद्देशून ती गायिली जातात तो मात्र येशू ख्रिस्त. यांपैकी कितीतरी पदे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी रचलेली आहेत. हे टिळक म्हणजे लोकमान्य टिळक नव्हेत, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. दरवर्षी उत्तरपत्रिकांत ही गफलत करणारे काही निघतातच. मराठी वाचकांनी ज्यांना फुलामुलांचे कवी म्हणून गौरविले, ते हे टिळक. त्यांच्या जीवनाची कथा त्यांच्या पत्नीवाचून सांगता येत नाही. किंबहुना ती आपल्याला ठाऊक आहे, ती पत्नीमुळेच.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर या खेड्यात झाला. माहेरचे आडनाव गोखले, नाव मनकर्णिका. त्यांच्या आजोबांना १८५७ च्या धामधुमीनंतर फाशी झाली. त्या आघाताने वडिलांच्या मनावर विलक्षण परिणाम झाला. सोवळेओवळे हेच त्यांचे जीवन होऊन बसले. बाजारातून आणलेली प्रत्येक वस्तू धुऊन घेतल्यावाचून घरात येत नसे. मीठदेखील यातून सुटत नसे! मीठ धुतले म्हणजे हाती किती उरत असेल, याची कल्पना मुलांनीच करावी. अशा घरात मनकर्णिकेचे बालपण गेले. शिवू नये, खाऊ नये, बोलू नये, असे निर्बंध तिच्याभोवती पावलोपावली होते आणि शाळेचे तर नावच नव्हते.

१८८० साली, वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास, तिचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले आणि ती लक्ष्मीबाई झाली. टिळक मूळचे कोकणातले, करजगावचे. बुद्धी तीव्र, स्मरण दांडगे, संस्कृतचा व्यासंग मोठा; परंतु स्वभाव वाऱ्यासारखा. एके ठिकाणी फार काळ पाय ठरत नसे. हाती पैसा आला, तर वाटेत भेटलेल्या गरजवंताची मूठ भरून रिकाम्या हाताने घरी येण्यास त्यांना संकोच वाटत नसे. घरी चूल पेटायची आहे, हे त्यांना मागाहून आठवे. लक्ष्मीबाई रागावत, रुसत आणि शेवटी हसत. पत्नीला लिहितावाचता यावे म्हणून टिळकांनी तिला अक्षरे शिकविण्याचा खटाटोप केला. त्या वेळी मिळालेली ती तुटपुंजी विद्या पुढे केवढ्या कामी येणार होती, हे दोघांनाही माहीत नव्हते.

पुढे टिळक नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयास राहिले. तेथून राजनांदगावकडे जात असताना आगगाडीत त्यांना अर्नेस्ट वॉर्ड नावाचे मिशनरी भेटले. काव्याविषयी आणि धर्माविषयी संभाषण झाले. वॉर्ड यांनी बायबलची एक प्रत त्यांच्या हाती दिली आणि ती वाचाल तर दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांनी ते पुस्तक वाचले, पुन्हा वाचले, त्यातील वचनांवर खुणा केल्या. येशूने डोंगरावरून केलेल्या उपदेशाने त्यांचे मन भारून गेले. मनात दीर्घकाळ झगडा चालला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या काळी ही गोष्ट किती भयंकर समजली जाई, याची आज नीट कल्पना येणार नाही. धर्म सोडणारा माणूस घराला, जातीला आणि गावाला मेल्यासारखाच होई. नवऱ्याने धर्म सोडला, ही वार्ता लक्ष्मीबाईंच्या कानी आली तेव्हा त्यांच्या पदरी लहानगा दत्तू होता. नवरा जिवंत असून दुरावला होता. कपाळी कुंकू होते, पण संसार उरला नव्हता. नातलगांनी त्यांना आधार दिला, हे त्या नातलगांचे मोठेपण मानले पाहिजे. बहिणीच्या घरी पंढरपुरास त्यांनी दिवस कंठले. दुःख अनावर झाले, तेव्हा त्या मनातल्या मनात पदे जुळवू लागल्या. तोवर त्यांना आपण कविता करू शकतो, हे ठाऊकही नव्हते.

टिळक पत्रे लिहीत राहिले. त्यांनी दुसरा संसार थाटला नाही की पत्नीला धाकही घातला नाही. काही वर्षांनी लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, पण स्वतःचा धर्म सांभाळून. टिळक त्या वेळी अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवीत होते. नवरा ख्रिस्ती आणि बायको सोवळ्यात, असा तो विलक्षण संसार चालला. तिचे पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा. टिळकांनी त्याला कधी हरकत घेतली नाही. ज्या माणसाला एरवी कसलाच धीर धरवत नसे, त्याने या एका बाबतीत मात्र केवढा धीर धरला! मला स्वतःला टिळकांच्या चरित्रात ही गोष्ट त्यांच्या काव्याइतकीच मोठी वाटते.

नगरहून मनमाडकडे जाताना वाटेत मुळा नदीच्या काठी राहुरी हे गाव लागते. तेथे डॉक्टर बॅलंटाइन नावाचे मिशनरी वैद्य लोकांची सेवाशुश्रूषा करीत आणि लहानशी ख्रिस्ती मंडळी जमविली होती. ख्रिस्ती लोक आपल्या उपासकांच्या समूहास मंडळी असे म्हणतात. या मंडळीतील पुष्कळ माणसे, समाजाने अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्या जातींतून आलेली होती. लक्ष्मीबाईंच्या मनाची खरी परीक्षा अशा माणसांच्या सहवासात झाली. ज्यांची सावली टाळावी असे लहानपणी शिकविले गेले होते, ती माणसे आता शेजारी होती. त्यांची मुले दत्तूबरोबर खेळत होती. लक्ष्मीबाईंनी विचार केला, आणि तो कोणाच्या सांगण्यावरून केला नाही. देवाने माणूस घडविला. जाती माणसाने घडविल्या. मग देवाच्या निर्मितीला आपण विटाळ कसा मानावा? हा प्रश्न एकदा मनात उभा राहिल्यावर वडिलांच्या घरचे सारे सोवळे गळून पडले. त्या सर्वांच्या हातचे खाऊपिऊ लागल्या. १९०० साली राहुरीस त्यांनी आणि दत्तूने बाप्तिस्मा घेतला. पतीच्या मागून त्या पाच वर्षांनी आल्या, परंतु आपल्या पायांनी चालत आल्या.

ते दिवस दुष्काळाचे होते. १८९९ आणि १९०० या सालांतील तो दुष्काळ लोक छप्पनचा दुष्काळ म्हणून ओळखत. वऱ्हाडापासून नगरपर्यंत मुलूख होरपळून निघाला. कापसाच्या काळ्या रानात गवताची काडी उरली नाही, गुरे वाटेवर पडली, आईबाप गमावलेली मुले रस्तोरस्ती हिंडू लागली. टिळक अशा मुलांना हाताला धरून घरी आणीत. ती किती दिवस राहतील, काय खातील, याचा हिशेब अर्थातच लक्ष्मीबाईंनी करायचा! ज्या घरी दोघांतिघांची भाकरी जेमतेम होई, तेथे पंगती बसू लागल्या. पुढे नगरला प्लेगची साथ आली. रोग्याजवळ सख्खे नातेवाईकही जाण्यास धजत नसत, त्या वेळी लक्ष्मीबाई आजारी मुलींच्या शुश्रूषेसाठी पुढे झाल्या. औषध पाजणे, अंथरुणे पालटणे, रात्री उशाशी बसून राहणे ही कामे त्यांनी केली. शिवाशिवीच्या भयात वाढलेली ती मुलगी ती हीच, हे पाहून आश्चर्य वाटते.

या घरात कवींनाही आश्रय होता. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, काही काळ नगरला टिळकांच्या घरी घरच्या मुलासारखे राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर आईची माया केली.

टिळक आता मिशनमध्ये मान्यता पावले होते. ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचे संपादन ते करीत. तरीही एक सल त्यांच्या मनात होता. आमची मंडळी ख्रिस्ती झाली म्हणून ती परक्या वेषात आणि परक्या सुरांत का वावरावी? तुकोबांच्या देशातला माणूस येशूचे भजन टाळमृदंगावर का करणार नाही? आणि देशी मंडळीने आपला भार परदेशच्या पैशावर किती काळ टाकावा? याच विचाराने त्यांनी अभंग रचले, ख्रिस्ती कीर्तने केली. मिशनरी मित्रांशी त्यांचे मतभेद होत, पण स्नेह तुटला नाही.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. वय पंचावन्न उलटलेले, प्रकृती खालावलेली, शिल्लक म्हणावी अशी काहीच नाही. दरमहाचे वेतन बंद होणार, हे उघड होते. मुले विचारतील की, अशा वयात माणसाने असे करावे काय? व्यवहार पाहणारा नाहीच म्हणेल. घर चालविणाऱ्या लक्ष्मीबाईंना तर या निर्णयाचा अर्थ सर्वांत चांगला कळत होता. तारुण्यात टिळक असेच एकाएकी निघून जात आणि त्या मागे रडत राहत. आता मात्र त्या पतीच्या बरोबरीने साताऱ्यास गेल्या आणि तेथे पुन्हा चूल मांडली.

सातारा तेव्हा लहान शहर होते. तेथील ख्रिस्ती मंडळीही थोडकीच. टिळकांनी तेथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या प्रत्येकाला या दरबारात सारखीच जागा होती. चर्चच्या भिंतीबाहेर असा बंधुभाव नांदावा, हे त्यांचे स्वप्न. येईल त्याचे स्वागत, भजन आणि बोलणे, हा तेथील क्रम. पाहुण्यांची ऊठबस लक्ष्मीबाईंकडे होती. दरबाराला राजवैभव कसले? राजा स्वर्गात आणि स्वयंपाकघरात डबे रिकामे! पण दार कोणाला बंद नव्हते.

हे स्वप्न दोन वर्षेही टिकले नाही. टिळकांचा आजार बळावला. उपचारांसाठी त्यांना मुंबईस नेण्यात आले आणि ९ मे १९१९ रोजी त्यांनी तेथे देह ठेवला. ख्रिस्ती लोकांत दफनाची चाल असली, तरी टिळकांच्या देहाचे दहन झाले आणि रक्षा नगरला नेण्यात आली. त्यांच्यामागे दरबारही उरला नाही.

लक्ष्मीबाई तेव्हा पन्नास वर्षांच्या होत्या. त्यांनी हातपाय गाळले नाहीत. मुंबईस मुलींच्या वसतिगृहावर देखरेखीचे काम पाहिले. मुलगा नोकरीनिमित्त कराचीस गेला, तेव्हा काही वर्षे त्याच्याकडे काढली. परंतु एक काम त्यांच्या मनाला स्वस्थ बसू देत नव्हते. टिळकांनी येशूचे चरित्र ओवीबद्ध करण्यास आरंभ केला होता. ‘ख्रिस्तायन’ हे त्या काव्याचे नाव. आरंभीचे काही अध्याय लिहून होताच त्यांचे निधन झाले. एवढा मोठा विद्वान कवी जे पुरे करू शकला नाही, ते शाळेचे तोंडही न पाहिलेल्या बाईने हाती घ्यावे, हे धाडसच होते. लक्ष्मीबाईंनी ते घेतले. एकामागून एक असे साठांहून अधिक अध्याय रचून त्यांनी पतीचे काव्य पूर्ण केले. आपल्या या काव्यावर त्या स्वतः उभ्या राहून कीर्तनेही करीत.

याच उतारवयात मुलाच्या आग्रहावरून त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या. त्या ‘स्मृतिचित्रे’ या नावाने १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागल्या. माजघरात बसून शेजारणीशी बोलावे, तशी त्यांची भाषा आहे. टिळकांचे मोठेपण त्या सांगतात आणि त्यांचा विसरभोळेपणाही लपवीत नाहीत; स्वतःची फजिती तर अधिकच रंगवून सांगतात. वाचकाला हसू येते आणि लगेच पुढच्या पानावर डोळे भरून येतात.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंचे निधन झाले. ‘स्मृतिचित्रे’चा चौथा भाग तेव्हा अपुरा होता. तो पुढे त्यांचा मुलगा देवदत्त, म्हणजे राहुरीस आईबरोबर बाप्तिस्मा घेणारा तो लहानगा दत्तू, याने पुरा केला.