देह, गोतावळा आणि व्यासंग

२२ जुलै १९०८. रात्री दहाच्या सुमारास मुंबईच्या हायकोर्टात राजद्रोहाच्या खटल्याचा निकाल लागला आणि बाळ गंगाधर टिळक यांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा फर्मावण्यात आली. दुसऱ्याच दिवशी त्यांना वयाची ५२ वर्षे पूर्ण होणार होती. त्यांना मधुमेह होता. इन्शुलिनचा उपचार जगात प्रथम १९२२ मध्ये झाला. त्यापूर्वी या रोगावर पथ्य हाच काय तो इलाज होता. त्यामुळे लोकमान्य ही शिक्षा पुरी करून जिवंत परततील काय, ही त्यांच्या चाहत्यांची चिंता अनाठायी नव्हती.

लोकमान्य परतले. राजकारणी, संपादक आणि पंडित म्हणून त्यांच्यावर विपुल लिहिले गेले आहे. परंतु इतकी संकटे त्यांनी कोणत्या बळावर सोसली, हे पाहायचे तर त्यांच्या चरित्रातील तीन धागे उलगडावे लागतात. कमावलेले शरीर, भोवतीचा गोतावळा आणि आयुष्यभर जपलेला व्यासंग हे ते तीन धागे होत.

२३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत जन्मलेल्या या मुलाच्या वाट्याला दुःख लवकर आले. दहाव्या वर्षी आई गेली. १८७२ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी वडील गंगाधरपंत गेले. आदल्याच वर्षी लग्न झालेले होते. पुढे डेक्कन कॉलेजात दाखल झालेला हा तरुण अंगाने किरकोळ होता आणि पोटाच्या तक्रारींनी त्रासलेलाही. त्याने पहिले वर्ष पुस्तकांपेक्षा शरीरालाच दिले. तालीम, कुस्ती, पोहणे आणि नाव वल्हवणे हा नित्याचा क्रम झाला. अभ्यास मागे पडला, त्याची खंत त्याने केली नाही. १८७७ मध्ये गणित घेऊन बी. ए.ची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण होऊन ती कसर भरून निघाली. त्या एका वर्षाच्या पुंजीवर आपण पुढचे आघात पचवू शकलो, अशी लोकमान्यांची पुढे धारणा होती.

दुसरा धागा माणसांचा. कॉलेजातच गोपाळ गणेश आगरकरांशी त्यांची मैत्री जमली. रात्ररात्र चाललेल्या चर्चांतून न्यू इंग्लिश स्कूल (१८८०) आणि त्यापाठोपाठ ‘केसरी’ व ‘मराठा’ (१८८१) उभे राहिले. कोल्हापूरप्रकरणी दोघांना १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. अन्न निकृष्ट, कोठडी लहान. पण सोबत होती. वादविवादांत वेळ सरत असे. पुढे सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावरून या मित्रांत दुरावा आला आणि दम्याने जर्जर झालेले आगरकर १८९५ मध्ये अवघ्या ३८व्या वर्षी निवर्तले. डोंगरीत लाभलेली ती सोबत पुढच्या कोणत्याही तुरुंगात मिळणार नव्हती.

माणसे एकत्र आली म्हणजे त्यांचे मन उभारी धरते, याची जाणीव टिळकांना चांगलीच होती. भाऊ रंगारी आदी मंडळींनी पुण्यात सार्वजनिक गणपती बसवला होताच. टिळकांनी १८९३ पासून ‘केसरी’तून या उत्सवाला बळ दिले व त्याचा विस्तार केला. त्याच वर्षीच्या हिंदू-मुस्लिम दंगलींची पार्श्वभूमी आणि राजकीय हेतू या उपक्रमामागे होता, हे नाकारता येत नाही. तथापि पेठापेठांतील सामान्य माणसाला संध्याकाळी घराबाहेर पडून मेळे, कीर्तने व व्याख्याने ऐकण्याचे हक्काचे ठिकाण त्यामुळे मिळाले, हेही खरे. १९०८ च्या वसंतात पुण्यात दारूच्या दुकानांपुढे स्वयंसेवकांनी निरोधन सुरू केले, तेव्हाही टिळक त्या चळवळीच्या पाठीशी उभे राहिले.

त्यांचे स्वतःचे घर म्हणजे गर्दीचे ठिकाण. आधी विंचूरकर वाड्यात आणि नंतर गायकवाड वाड्यात सकाळपासून माणसांची रीघ लागे. सल्ला मागणारे, वर्गणी आणणारे, नुसतेच बसणारे, सर्वांना तेथे मुभा होती. शहरात प्लेग पसरला, तेव्हा अनेक पुढारी गाव सोडून गेले. टिळक पुण्यातच राहिले आणि त्यांनी हिंदू प्लेग रुग्णालय चालवले. त्याच प्लेगने १९०३ मध्ये त्यांचा थोरला मुलगा विश्वनाथ हिरावून नेला. ताईमहाराज प्रकरणाच्या खटल्याने ते त्या वेळी पुरते ग्रासलेले होते. तरीही दैनंदिन काम त्यांनी सोडले नाही. दुःखावर कामाचा उतारा हा त्यांचा जुनाच मार्ग होता.

तिसरा धागा व्यासंगाचा. राजकारणातून सवड मिळाली की टिळक गणित, ज्योतिष आणि वेद यांत रमत. उन्हाळ्यात सिंहगडावरच्या बंगल्यात जाऊन राहणे हा त्यांचा खरा विरंगुळा. गडाची हवा, मोकळी फिरती, गावातल्या वर्दळीपासून सुटका आणि भोवती ग्रंथ. वेदांचा काळ ज्योतिषाच्या आधारे ठरवू पाहणारा ‘ओरायन’ हा ग्रंथ १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. १८९७ च्या राजद्रोहाच्या शिक्षेत त्यांचे वजन बरेच घटले; पण मॅक्समुल्लर यांनी पाठवलेल्या ऋग्वेदाने कारावासातील त्यांच्या रात्री भरून काढल्या. त्या चिंतनातून आर्यांच्या उत्तर ध्रुवाकडील मूलस्थानाविषयीचा ग्रंथ १९०३ मध्ये बाहेर आला. त्यातील सिद्धांत आजचे संशोधक स्वीकारत नाहीत. परंतु तुरुंगात खचलेल्या माणसाला त्या शोधाने तोलून धरले, ही गोष्ट त्यामुळे खोटी ठरत नाही.

या तिन्ही आधारांची कसोटी मंडालेत लागली. सप्टेंबर १९०८ मध्ये टिळकांना ब्रह्मदेशातील त्या तुरुंगात नेण्यात आले. कोठडी लाकडी फळ्यांची; फटींतून उन्हाळ्यात धूळ व झळा आणि हिवाळ्यात बोचरा वारा येई. पुढे १९२५ ते १९२७ या काळात सुभाषचंद्र बोस याच तुरुंगात होते आणि त्यांची प्रकृती इतकी ढासळली की सरकारला त्यांना सोडावे लागले. बोस ऐन तारुण्यात होते. टिळक पन्नाशी ओलांडलेले आणि मधुमेही.

शरीर आता तरुणपणचे नव्हते. गोतावळा समुद्रापलीकडे राहिला होता. बोलायला स्वयंपाकासाठी दिलेला एक मराठी कैदी आणि लिहायला भाचे धोंडोपंत विद्वांस, तेही सरकारी नजरेखालून जाणाऱ्या मोजक्या पत्रांतून. टिळकांनी हाती उरलेल्या साधनांतून दिवसाची नवी घडी बसवली. भात आणि गहू सोडून सातूवर भर दिला. पुण्याहून मागवलेल्या ग्रंथांची संख्या शेकड्यांत गेली. जर्मन, फ्रेंच आणि पाली या भाषांचा अभ्यास त्यांनी स्वतःच केला. शाई वापरण्याची परवानगी नव्हती; बांधीव वह्या आणि पेन्सिल मिळे. तेवढ्या साहित्यावर नोव्हेंबर १९१० ते मार्च १९११ या अवघ्या पाच महिन्यांत ‘गीतारहस्य’ लिहून झाले.

जून १९१२ मध्ये सर्वांत कठीण प्रसंग आला. चाळीस वर्षांहून अधिक काळ संसार केलेल्या सत्यभामाबाई पुण्यात वारल्या. त्यांनाही मधुमेह होता. बातमी तारेने मंडालेत पोचली. शेवटची भेट नाही, सांत्वनाला कोणी नाही. विद्वांसांना धाडलेल्या पत्रात टिळकांनी दुःखाचा उच्चार मोजक्या शब्दांत केला आणि पोरक्या झालेल्या मुलांच्या शिक्षणाची व सांभाळाची व्यवस्था लावली. त्यानंतरची दोन वर्षेही त्यांचा दिनक्रम चालू राहिला. तो मोडला असता तर ते तगले असते का, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

१६ जून १९१४ च्या रात्री टिळकांना पुण्यात आणून सोडण्यात आले. बातमी पसरताच गायकवाड वाडा पुन्हा माणसांनी भरला. ‘गीतारहस्य’ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. १९१६ मध्ये साठाव्या वाढदिवसानिमित्त जनतेने एक लाख रुपयांची थैली अर्पण केली. ती त्यांनी देशकार्याला देऊन टाकली. येथून पुढे मात्र विश्रांती दुर्मीळ झाली. होमरूलसाठी दौरे आणि सभा झाल्या, मग व्हॅलेंटाइन चिरोल यांच्यावरील दाव्यासाठी वर्षभराहून अधिक काळ इंग्लंडात मुक्काम घडला, दावा हरला आणि कर्ज झाले. जो नेम मंडालेत सक्तीने पाळला गेला, तो मोकळेपणी पाळता आला नाही.

जुलै १९२० मध्ये कामानिमित्त मुंबईस आलेल्या टिळकांना सरदारगृहात ताप भरला. पुढे न्युमोनिया झाला आणि १ ऑगस्टला, वयाच्या ६४व्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली. पावसाची पर्वा न करता अफाट जनसमुदाय गिरगाव चौपाटीवर लोटला. आयुष्यभर त्यांनी जमवलेला गोतावळा त्या दिवशी शेवटचा त्यांच्याभोवती गोळा झाला होता.

लोकमान्यांचे मनोधैर्य हे दैवी देणे मानून नमस्कार करून मोकळे होणे सोपे आहे. वस्तुतः ते तालमीत घामाने, वाड्यावरच्या बैठकांत माणसांनी आणि सिंहगडावरच्या सुट्टीत ग्रंथांनी बांधले गेले होते. या तिन्ही गोष्टींसाठी त्यांनी सुखाच्या काळात वेळ काढला होता. म्हणून दुःखाच्या काळात त्यातले एखादे काढून घेतले गेले, तरी दुसरे हाताशी उरले. कचेरी आणि लोकलच्या वेळापत्रकात अडकलेल्या आजच्या शहरी वाचकाला मंडालेची कोठडी दूरची वाटेल. पण व्यायामाला, मित्रांना आणि छंदाला वेळ नाही, ही तक्रार त्याच्या रोजच्या परिचयाची आहे.