महात्मा गांधी आणि २० जानेवारी

दरवर्षी ३० जानेवारीला सकाळी अकरा वाजता आमच्या शाळेत दोन मिनिटे मौन पाळतात. गेल्या साली मला मधेच हसू आले होते. यंदा नाही आले. का ते सांगते.

महात्मा गांधींचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदर येथे झाला. ते शिकून बॅरिस्टर झाले. १९३० साली त्यांनी दांडीला मिठाचा सत्याग्रह केला. १९४७ साली देश स्वतंत्र झाला, पण फाळणी होऊन हिंदू-मुसलमानांत लई मारामाऱ्या झाल्या. दिल्लीत शांतता व्हावी म्हणून बापूंनी १३ जानेवारी १९४८ रोजी उपोषण सुरू केले. तेव्हा ते ७८ वर्षांचे होते. सर्वांनी एकोप्याने राहायचे कबूल केले, तेव्हा १८ तारखेला त्यांनी उपोषण सोडले.

२० जानेवारीला दिल्लीत बिर्ला भवनात संध्याकाळची प्रार्थना होती. बापूंना अशक्तपणामुळे चालवत नव्हते, म्हणून खुर्चीत बसवून नेले. बोलता बोलता धडाम् असा आवाज झाला! मागच्या भिंतीपाशी बॉम्ब फुटला होता. लोक घाबरून उठले. बापू जागचे हलले नाहीत. त्यांनी लोकांना शांत केले. बॉम्ब लावणारा मदनलाल पाहवा हा निर्वासित तरुण होता. एका बाईने त्याला बघितले होते, म्हणून तो लगेच सापडला. गोंधळ उडाला की बापूंना मारायचे, असा त्याच्या टोळीचा बेत होता. बाकीचे पळून गेले.

सगळे बापूंचे कौतुक करू लागले. पण आपल्याला तो सैनिकांच्या सरावाचा आवाज वाटला, असे बापूंनी खरे खरे सांगून टाकले. त्या पोराचा कोणी द्वेष करू नये, असेही सांगितले. प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घ्यावी असे पोलिसांना वाटत होते. बापूंनी ती घेऊ दिली नाही.

मग ३० जानेवारीला बापू मनू आणि आभा यांच्या खांद्यांवर हात ठेवून प्रार्थनेला निघाले होते. नथुराम गोडसेने पुढे येऊन तीन गोळ्या झाडल्या. २० तारखेला पळालेल्यांत तोही होता. तो आपल्या पुण्यात राहणारा होता, हे ऐकून मला फार वाईट वाटले.

झडती घेतली असती तर बापू वाचले असते ना, असे मी गुरुजींना विचारले. गुरुजी थोडा वेळ गप्प राहिले. मग तू काय केले असतेस, असे त्यांनी मलाच विचारले. मी तर झडती घेतलीच असती. घरी आजीला सांगितले, तर ती म्हणाली की देवाच्या दारात कोणी कोणाचे खिसे चाचपत नाही.

यंदाच्या मौनात मी त्याचाच विचार करत होते. दोन मिनिटे कधी संपली ते कळलेच नाही.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी