विश्लेषण : ४० फुटी कापडावर ग्रंथ लिहिणारे अंबाजोगाईचे दासोपंत कोण? टेप बॅकअपच्या काळात त्यांची आठवण का?

सव्वा लाख ओव्यांचा एक ग्रंथ आणि सव्वा लाख पदे, असा पसारा परंपरा ज्यांच्या नावावर मांडते, त्या दासोपंतांचे बरेचसे लेखन आज हाती नाही. कापडाच्या लांबलचक पट्टीवर लिहिलेला त्यांचा एक ग्रंथ मात्र चारशे वर्षे टिकला. सर्व्हर रूममध्ये आजही रोज रात्री लांब पट्टीवरच डेटा उतरवला जातो. दोन्ही पट्ट्यांचे नियम आश्चर्य वाटावे इतके जुळतात.

दासोपंत कोण होते?

दासोपंतांचा जन्म शके १४७३ म्हणजे इ. स. १५५१ चा. गाव नारायणपेठ, नारायणपेठी साड्यांचे. ते आता तेलंगणात आहे. तेव्हा हा मुलूख बिदरच्या बरीदशाहीत होता. वडील दिगंबरपंत देशपांडे, आई पार्वतीबाई. देशपांडे हे त्या काळी नुसते आडनाव नव्हते. परगण्याच्या जमाबंदीचे दप्तर सांभाळणारा वतनदार तो देशपांडे. म्हणजे नोंदी, नकला आणि हिशेब यांच्याच घरात हा मुलगा वाढला.

दुष्काळ पडला, सारा थकला आणि बिदरच्या दरबाराने वसुलीसाठी देशपांड्यांच्या मुलालाच ओलीस ठेवून घेतले, अशी कथा चरित्रकार सांगतात. महिनाभरात रक्कम आली नाही तर मुलगा परत मिळणार नव्हता. मुदत संपता संपता दत्ताजी पाडेवार नावाचा कोणी माणूस आला, पैसे भरून पावती घेऊन गेला आणि पुन्हा कधी दिसला नाही. तो साक्षात दत्तात्रेय होता, अशी श्रद्धा आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथाही याच बिदर दरबाराशी आणि अशाच अनोळखी माणसाने केलेल्या भरण्याशी जोडलेली आहे. कथेचा साचा एकच असला, तरी दुष्काळात सारा न माफ करणारे सरकार आणि मधल्या मध्ये अडकलेला वतनदार ही त्या काळातली खरीखुरी परिस्थिती होती.

ते बीड जिल्ह्यात कसे आले?

सुटकेनंतर दासोपंतांचे घरात मन रमले नाही. ते माहूरला गेले आणि तिथे बारा वर्षे राहिले. तिथून गोदावरीकाठच्या राक्षसभुवनला आले. आजच्या गेवराई तालुक्यातले हे गाव. इथेच त्यांना दत्तपादुका मिळाल्या असे सांगतात. पुढे ते अंबाजोगाईत स्थिरावले ते कायमचे. विवेकसिंधुकार मुकुंदराजांचे हे गाव. मराठी ग्रंथरचनेची परंपरा इथे दासोपंतांच्या आधी जवळपास चारशे वर्षे सुरू झाली होती. पैठणचे एकनाथ हे दासोपंतांचे समकालीन, वयाने १८ वर्षांनी मोठे. एकनाथ पंचकात दासोपंतांचे नाव घेतले जाते.

नेमके किती लिहिले?

गीतेवरचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा, ‘पदार्णव’ सव्वा लाख पदांचा, हे परंपरेचे आकडे. शिवाय ‘गीतार्थबोधचंद्रिका’, ‘ग्रंथराज’ आणि इतर प्रकरणे आहेतच. आकडे गोल असल्यामुळे ते मोजून काढलेले असतील असे नाही. पण ज्ञानेश्वरी सुमारे ९ हजार ओव्यांची आहे, हे लक्षात घेतले की या दाव्याचा आवाका कळतो. जवळपास १४ ज्ञानेश्वऱ्या भरतील एवढा एकटा गीतार्णव! दासोपंतांना रोज एक ढब्बू पैशाची शाई लागायची, अशीही एक आठवण सांगतात.

आजच्या मापात हे किती होते? एका ओवीला युनिकोडमध्ये साधारण पाव केबी धरली, तर सव्वा लाख ओव्या ३०-३५ एमबीमध्ये बसतात. फोनमधला मिनिटभराचा एखादा व्हिडिओ याहून जड असतो.

मग पासोडी म्हणजे काय?

पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचे जाडेभरडे कापड. दासोपंतांनी ‘पंचीकरण’ हे वेदान्ताचे प्रकरण अशा कापडावर लिहिले. लांबी सुमारे ४० फूट, रुंदी सुमारे ४ फूट. पंचमहाभूते एकमेकांत कशी मिसळतात, हा पंचीकरणाचा विषय. प्रत्येक भूतात अर्धा भाग स्वतःचा आणि उरलेल्या अर्ध्यात इतर चौघांचा प्रत्येकी आठवा हिस्सा, असा तो हिशेब आहे. एकाच्या पोटात सगळ्यांचा अंश ठेवण्याची ही मांडणी पाहून कोणाला डिस्कवरच्या ‘रेड’ पद्धतीची आठवण झाली तर हरकत नाही, पण साम्य तेवढ्यापुरतेच.

खरे साम्य आहे ते पट्टीच्या मापात. सर्व्हरमध्ये वापरली जाणारी एलटीओ-९ ही टेप सुमारे साडेबारा मिलिमीटर रुंद आणि १,०३५ मीटर लांब असते. तिचे क्षेत्रफळ काढले तर ते सुमारे १४० चौरस फूट भरते. पासोडीचे १६० चौरस फूट. म्हणजे लिहायला मिळालेली जागा जवळपास सारखीच. टेपवर मात्र १८ टीबी मावतात. गीतार्णवाएवढ्या मजकुराच्या पाच लाख प्रती तळहाताएवढ्या एका डबीत राहतील.

दुसरे साम्य वाचण्याच्या पद्धतीत आहे. पोथीचे मधले पान चटकन उचलता येते. गुंडाळलेल्या पासोडीतली मधली ओवी हवी असेल तर तिथपर्यंत कापड उलगडावे लागते. टेपचेही तसेच. हार्ड डिस्क कुठूनही वाचता येते, टेप पुढे-मागे गुंडाळत हव्या त्या जागी न्यावी लागते आणि त्यात मिनिटभर सहज जाते. त्यात एलटीओ टेप एका दमात लिहीत नाही. शेतात नांगर तासाच्या टोकाला जाऊन वळतो आणि शेजारून परत येतो, तशी ती टोकापर्यंत जाऊन पुन्हा उलटी येत लिहिते.

इतकी जुनी पद्धत आज कोण वापरते?

बरेच जण. बँका, हवामान संस्था, युरोपातली सर्न प्रयोगशाळा यांचा साठवणीचा डेटा टेपवर असतो. २०११ च्या फेब्रुवारीत एका सॉफ्टवेअर बिघाडात काही जीमेल खात्यांतला मेल गायब झाला, तेव्हा गुगलने तो टेपवरून परत आणला. प्रत्येक डिस्कवरच्या प्रतीत तोच बिघाड पोहोचला होता. टेप मात्र यंत्राबाहेर होती. रॅन्समवेअरच्या दिवसांत टेपला पुन्हा भाव आला तो याचमुळे. कपाटात ठेवलेल्या डबीपर्यंत कोणताही व्हायरस पोहोचत नाही.

कमांड लाइनवरून हे काम कसे चालते?

लिनक्स सर्व्हरवर यासाठी मुख्यतः दोन कमांड लागतात. पहिली ‘टार’. हे नावच टेप आर्काइव्हचे लघुरूप आहे. १९७९ मध्ये बेल लॅब्जच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीसोबत ती आली. अनेक फाइल्स एकामागे एक जोडून तिची एकच लांब पट्टी बनवणे हे तिचे काम. आज इंटरनेटवरून उतरवलेल्या सॉफ्टवेअरच्या फाइलला टार हे शेपूट दिसते, ते या टेपच्या काळातले. दुसरी कमांड ‘एमटी’, म्हणजे मॅग्नेटिक टेप. ती फाइल्स लिहीत नाही, मुख्यतः टेप पुढे-मागे हलवते.

ड्राइव्ह जोडला की सर्व्हरला त्याची दोन नावे दिसतात : ‘एसटी झिरो’ आणि ‘एनएसटी झिरो’. यंत्र एकच आहे. फरक पुढच्या ‘एन’चा, म्हणजे नो रिवाइंड. पहिल्या नावाने लिहिले तर काम संपताच टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. दुसऱ्या नावाने लिहिले तर थांबली तिथेच राहते. एवढ्याशा फरकाने मोठे नुकसान होते. समजा, एखाद्या साखर कारखान्याने सोमवारी रात्री ऊस बिलांचा बॅकअप ‘एसटी झिरो’वर घेतला. टेप गुंडाळली गेली. मंगळवारी त्याच नावाने पुन्हा टार चालवली, तर ती सोमवारच्या बॅकअपवरूनच लिहीत जाते. स्क्रीनवर चूक दाखवणारी एक ओळही येत नाही, कारण कमांडच्या दृष्टीने काहीच चुकलेले नसते. शिवाय नवे लेखन जिथे संपते तिथे ड्राइव्ह समाप्तीची खूण करतो. तिच्या पलीकडे जुने काही उरले असले तरी नेहमीच्या कमांडने ते वाचता येत नाही.

म्हणून क्रम ठरलेला असतो. आधी ‘एमटी स्टेटस’ने टेप आत आहे का, कोणत्या जागी उभी आहे, राइट-प्रोटेक्टची खिट्टी लावलेली आहे का, हे पाहायचे. नव्या टेपवर लिहायचे असेल तर रिवाइंड. जुन्याच टेपवर भर घालायची असेल तर ‘ईओडी’, म्हणजे डेटा संपतो तिथपर्यंत जाणे. मग टारला सी, व्ही आणि एफ ही तीन अक्षरे द्यायची : नवीन संग्रह बनव, काय लिहितेस ते दाखव, अमुक ड्राइव्हवर लिही. हवी ती फोल्डर सांगितली की काम सुरू. प्रत्येक बॅकअपच्या शेवटी टेपवर एक खूण पडते. पुढे परत आणताना ‘एफएसएफ’ आणि आकडा दिला की टेप तितक्या खुणा ओलांडून थांबते. हे सगळे एका छोट्या स्क्रिप्टमध्ये लिहून क्रॉनला सोपवले की रात्री दोन वाजता कोणी जागे नसले तरी चालते.

अनेक ठिकाणी काम इथेच संपले असे समजतात. ते संपलेले नसते. टारला ‘टी’ दिले तर ती यादी वाचते, ‘डी’ दिले तर टेपवरचा मजकूर डिस्कवरच्या मूळ फाइलशी ताडून फरक सांगते. ही पायरी महत्त्वाची, कारण टार स्वतः फक्त प्रत्येक फाइलच्या माथ्यावरच्या नोंदीचा चेकसम ठेवते, आतल्या मजकुराचा नाही. मूळ फाइलच आधी बिघडलेली असेल तर टार ती बिघाडासकट इमानदारीने उतरवून घेते. जुन्या पोथ्यांच्या शेवटी नक्कलकार लिहीत, की समोर जसे होते तसे उतरवले, चुकले असेल तर दोष माझा नाही. टारची भूमिका हीच आहे.

चुका नकलेबरोबर पसरल्या तर?

मराठीत याचे सर्वांत मोठे उदाहरण दासोपंतांच्याच हयातीतले. १२९० च्या ज्ञानेश्वरीच्या नकलांवर नकला होत गेल्या आणि तीनशे वर्षांत पाठ बिघडले. पैठणला एकनाथांनी अनेक प्रती समोर ठेवून, ताडून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली शुद्ध प्रत सिद्ध केली. यापुढे पाठात कोणी स्वतःच्या ओव्या घालू नयेत, अशी ताकीदही दिली. टेपवरची राइट-प्रोटेक्टची खिट्टी लावण्यासारखेच हे. पण ही दुरुस्ती शक्य झाली ती प्रती अनेक होत्या म्हणून. ज्ञानेश्वरी वाचणारे, उतरवून घेणारे गावोगाव होते.

दासोपंतांचे लेखन मग हरवले का?

दासोपंतांकडे नेमके हेच नव्हते. ९ हजार ओव्यांची नक्कल करायला एका लेखकाला काही महिने पुरतात. सव्वा लाखांची नक्कल करायला कित्येक वर्षे जातील, शिवाय कागद आणि शाईचा खर्च वेगळा. ग्रंथ जेवढा मोठा तेवढ्या त्याच्या प्रती कमी, असा हा उलटा हिशेब. लहान प्रकरणे टिकली, गीतार्णवाचे काही अध्याय टिकले. रागदारीत बांधलेल्या सव्वा लाख पदांपैकी आज हाती असलेली पदे हजारांच्या घरातली आहेत. आकडा परंपरेने फुगवला असे मानले, तरी गेलेले लेखन थोडे नव्हे. वि. ल. भावे यांनी ‘महाराष्ट्र सारस्वत’मध्ये दासोपंतांची दखल घेतली, तोवर अंबाजोगाईबाहेरच्या बहुतेक वाचकांना हा कवी फारसा माहीत नव्हता.

आणि पासोडी? ती तर टिकली...

टिकली, पण तिला बॅकअप म्हणता येणार नाही. ती मूळ प्रत आहे. अंबाजोगाईत पिढ्यानपिढ्या जपली गेली म्हणून ती आहे. एक पावसाळी गळती किंवा वाळवीचा एक हंगाम तिला पुरला असता. संगणक विभागातला प्रचलित नियम तीन-दोन-एकचा आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. या कसोटीवर पासोडीला एकच गुण मिळतो.

एका बाबतीत मात्र ती एलटीओच्या पुढे आहे. टेप बनवणाऱ्या कंपन्या योग्य हवामानात ३० वर्षांपर्यंतचे आयुष्य सांगतात. पण एलटीओ-९चा ड्राइव्ह फक्त आठव्या आणि नवव्या पिढीची टेप वाचतो. सातवीची डबी त्याच्यासाठी बंद दार आहे. त्यामुळे टेप शाबूत असली तरी दर काही वर्षांनी सगळा डेटा नव्या पिढीवर उतरवून घ्यावा लागतो. पासोडी वाचायला ड्राइव्ह लागत नाही. जुन्या मराठीची सवय असलेला एक माणूस, उजेड आणि ४० फूट मोकळी जागा एवढे पुरते.

शके १५३७ च्या माघ वद्य षष्ठीला दासोपंतांचे देहावसान झाले. त्यांची समाधी अंबाजोगाईतच आहे.