पुवाला शुभ न मानणारा सर्जन

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जखमेतून दाट, पिवळसर पू वाहू लागला की युरोपातील अनेक सर्जन निश्चिंत होत. जखम भरू लागल्याची ती खूण, असा समज होता. तो खोडून काढण्यात जोसेफ लिस्टर यांचा वाटा मोठा.

लिस्टर यांचा जन्म ५ एप्रिल १८२७ रोजी इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात झाला. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांत मोलाची सुधारणा करणारे वडील घरातच होते. १८६० मध्ये लिस्टर ग्लासगो विद्यापीठात शल्यचिकित्सेचे प्राध्यापक झाले. तेथील रुग्णालयात एक गोष्ट त्यांना खटकत होती. हाड मोडले तरी कातडी शाबूत असेल तर रुग्ण सहसा वाचे. तेच हाड कातडी फाडून बाहेर आले की जखम सडे, पाय कापावा लागे, अनेकदा जीवही जाई. लुई पाश्चर यांचे संशोधन वाचल्यावर उलगडा झाला. दोष हवेचा नव्हता, तिच्यातून येणाऱ्या सूक्ष्मजीवांचा होता.

१२ ऑगस्ट १८६५ रोजी पायावरून गाडीचे चाक गेलेला ११ वर्षांचा मुलगा दाखल झाला. लिस्टर यांनी त्याची जखम कार्बोलिक आम्लात भिजवलेल्या कापडाने झाकली. चार दिवसांनी ड्रेसिंग उघडले, तर पू नव्हता. सहा आठवड्यांत हाड जुळले. त्यांच्या वॉर्डात पूर्वी हातपाय कापलेल्या ३५ रुग्णांपैकी १६ दगावले होते. नव्या पद्धतीनंतर ४० पैकी ६.

१८७१ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या काखेत मोठे गळू झाले. लिस्टर यांनी चीर देऊन आत कापडाची पट्टी ठेवली, पण निचरा होईना. पू साचू लागला. तेव्हा फवारणी यंत्राची रबरी नळी कापून, रात्रभर कार्बोलिकमध्ये भिजवून त्यांनी ती जखमेत बसवली. निचरा सुरू झाला आणि राणी बरी झाली. अशा नळ्या फ्रान्समध्ये आधीच वापरात होत्या. लिस्टर यांनी नळी निर्जंतुक करून वापरली.

अनेक सहकाऱ्यांनी त्यांची टिंगल केली. लिस्टर मात्र स्वतःची पद्धतही तपासत राहिले. निरुपयोगी ठरलेली कार्बोलिकची फवारणी त्यांनी स्वतःच सोडून दिली. १० फेब्रुवारी १९१२ रोजी त्यांचे निधन झाले.

आज परिचारिका जखम स्वच्छ की दूषित हे पाहते. ड्रेनमधून किती स्राव आला, तो पाण्यासारखा, रक्ताळलेला की पुवाचा, त्याला वास आहे का, हे नोंदवते. पू दिसला की ती निश्चिंत होत नाही, तातडीने डॉक्टरांना कळवते.