ग्रेस हॉपर : चुकलेल्या पत्त्याचा माग काढणाऱ्या बाई

सी भाषेत प्रोग्रॅम लिहायला लागलं, की पहिल्या महिन्याभरातच एका पाहुण्याची ओळख होते. प्रोग्रॅम कंपाइल होतो, एकही चूक दाखवत नाही, आपण ऐटीत रन करतो आणि पडद्यावर एकच ओळ उमटते : सेगमेंटेशन फॉल्ट. खेळ खलास. कुठे चुकलं, का चुकलं, काही सांगत नाही.

चूक असते पत्त्याची. संगणकाची मेमरी म्हणजे एक लांबलचक चाळ समजा. प्रत्येक खोलीला नंबर, तोच तिचा पत्ता. आपल्या प्रोग्रॅमला त्यातल्या काही खोल्या मिळालेल्या असतात. आपल्या न मिळालेल्या खोलीचं दार ठोठावलं, की चाळीचा पहारेकरी, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, आपल्याला तिथल्या तिथे बाहेर काढते. हल्ली निदान पहारेकरी तरी आहे. ज्या काळात तोही नव्हता, त्या काळात या चुकीवर औषध शोधायला निघालेल्या एका बाईंची ही गोष्ट. त्यांचं नाव ग्रेस हॉपर.

ग्रेस मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्क शहरातला. सात वर्षांच्या असताना घड्याळाचा गजर कसा वाजतो हे बघायला त्यांनी एक घड्याळ उघडलं. ते परत जोडता येईना, म्हणून दुसरं उघडलं. असं करत घरातली सात घड्याळं सुटी झाली. आईने शिक्षा म्हणून एवढंच केलं, की यापुढे एकाच घड्याळावर प्रयोग करायचे असं बजावलं. वस्तू चालत कशी, हे ती उघडल्याशिवाय कळत नाही, हा धडा मात्र पोरीने पक्का केला.

व्हॅसर कॉलेजातून १९२८ साली गणित आणि भौतिकशास्त्रातली पदवी, मग येल विद्यापीठातून १९३४ मध्ये गणिताची पीएच.डी. मधल्या काळात १९३० साली व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न झालं आणि ग्रेसबाई व्हॅसरमध्येच गणित शिकवू लागल्या. आयुष्य असंच फळ्यासमोर गेलं असतं. पण दुसरं महायुद्ध आलं. पणजोबा नौदलात अ‍ॅडमिरल होते, त्यामुळे ग्रेसबाईंना नौदलातच जायचं होतं. तिथे वयही आड आलं आणि वजनही. वजन भरलं १०५ पौंड, नियमापेक्षा १५ पौंड कमी. बाईंनी खटपट करून सूट मिळवली, डिसेंबर १९४३ मध्ये राखीव दलात दाखल झाल्या आणि प्रशिक्षणात आपल्या तुकडीत पहिल्या आल्या.

१९४४ च्या उन्हाळ्यात त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठात झाली, हॉवर्ड एकेन यांच्या हाताखाली. तिथे मार्क वन नावाचं यंत्र होतं. लांबी ५१ फूट, उंची ८ फूट, वजन सुमारे ५ टन. आकडे साठवायला ७२ कप्पे. सेकंदाला तीन बेरजा करायचं. आज हसू येईल, पण युद्धकाळात त्या तीन बेरजांसाठीही रांग लागायची. सूचना कागदी फितीवर भोकं पाडून द्यायच्या. कुठल्या कप्प्यातला आकडा उचलायचा आणि कुठल्या कप्प्यात टाकायचा, हे त्या भोकांत लिहिलेलं. एक भोक इकडचं तिकडे झालं, की आकडा भलत्याच कप्प्यात जायचा, आणि यंत्र निमूटपणे चुकीचं उत्तर काढत बसायचं.

या यंत्राचं ५०० हून जास्त पानांचं माहितीपुस्तक ग्रेसबाईंनी लिहिलं. ते १९४६ साली निघालं. शिवाय त्या आणि त्यांचे सहकारी रिचर्ड ब्लॉक यांनी एक साधी पण दूरदृष्टीची गोष्ट केली. जो प्रोग्रॅमचा तुकडा एकदा तपासून बरोबर ठरला, तो वहीत उतरवून ठेवायचा. पुन्हा तसंच काम निघालं, की वहीतून नकलायचा. वर्गमित्राच्या जर्नलमधून आपण उतरवतो तसंच, फक्त इथे ते राजरोस.

प्रसिद्ध किडा सापडला तो मार्क टू या पुढच्या यंत्रात, ९ सप्टेंबर १९४७ रोजी. यंत्र चुकतंय म्हणून तपासणाऱ्यांनी एकेक भाग बघितला, तेव्हा पॅनेल एफ मधल्या ७० नंबरच्या रिलेत एक पतंग अडकून मेलेला दिसला. तो त्यांनी नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवला. ती वही आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. तो किडा ग्रेसबाईंनी काढला असं सर्रास सांगतात, ते खरं नाही. सापडला सहकाऱ्यांना, गोष्ट रंगवून जगभर पोचवली बाईंनी. बिघाडाला बग म्हणायची पद्धतही त्याच्या आधीपासून, एडिसनच्या काळापासून होती. पण त्या वहीत आपल्या कामाचं एक सूत्र आहे : तारीख, वेळ, जागा आणि सापडलेली वस्तू. अंदाजपंचे काही नाही.

युद्ध संपलं. १९४५ मध्ये घटस्फोट झाला. हार्वर्डमधली नेमणूक तात्पुरती होती, तिथे बाईमाणसाला कायमची जागा मिळण्याची शक्यता नव्हती, आणि १९४९ मध्ये ती नोकरीही संपली. या दिवसांत त्या दारूच्या आहारी गेल्या होत्या, मन खचलं होतं. त्यांच्या चरित्रातला हा भाग पुष्कळदा गाळला जातो. गाळू नये. आपल्याला वाटतं मोठी माणसं सरळ रेषेत चढत जातात. तसं नसतं. वयाच्या ४२ व्या वर्षी घर नाही, नोकरी नाही, अशा अवस्थेत त्यांनी फिलाडेल्फियातल्या एकर्ट आणि मॉक्ली यांच्या छोट्या कंपनीत पाऊल टाकलं. कंपनी आज आहे, उद्या नाही, अशी स्थिती. पण तिथे युनिव्हॅक बनत होता.

त्याच कंपनीच्या बायनॅक या यंत्रासाठी त्या आठाच्या पटीतली मोजणी शिकल्या, आणि इतक्या तयार झाल्या की महिनाअखेर बँकेच्या चेकबुकाचा ताळा जमेना. बँकेत काम करणाऱ्या भावाने शोध घेतला, तेव्हा कळलं की बाई अधूनमधून वजाबाकी आठाच्या पटीत करत होत्या! माणसाने यंत्रासारखा विचार करायचा, की यंत्राने माणसासारखा, हा प्रश्न बाईंच्या डोक्यात तिथून घट्ट बसला.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. युनिव्हॅकची मेमरी होती १००० शब्दांची, पाऱ्याच्या नळ्यांत फिरणाऱ्या ध्वनिलहरींवर चालणारी. प्रत्येक शब्दाला पत्ता. तपासलेले जुने तुकडे वह्यांत होतेच, पण प्रत्येक तुकडा शून्य नंबरच्या पत्त्यापासून सुरू होतोय असं धरून लिहिलेला असायचा. समजा तो नव्या प्रोग्रॅममध्ये ३०० पासून बसवायचा आहे. मग त्यातल्या प्रत्येक पत्त्यात ३०० मिळवायचे. १७ चे ३१७, ४२ चे ३४२. हाताने, पेन्सिलीने, एकेक करून. एक पत्ता जरी राहून गेला, तरी प्रोग्रॅम ३१७ ऐवजी १७ नंबरच्या खोलीत जाणार. तिथे दुसऱ्याच कुणाचा आकडा असणार. कदाचित आकडाच सूचना म्हणून वाचला जाणार. पहारेकरी नाही, त्यामुळे कुणी अडवणार नाही. यंत्र पुढे कधीतरी, कुठेतरी अडकणार किंवा बिनधास्त खोटं उत्तर देणार.

वर नकलण्याच्या चुका वेगळ्या. मोकळ्या जागेसाठी त्रिकोणासारखं एक चिन्ह होतं, ते घाईत ४ व्हायचं. इंग्रजीतलं बी हे अक्षर १३ व्हायचं. बाईंनी शांतपणे निष्कर्ष काढला : हे लोक हुशार आहेत, पण माणसाला बेरीज नीट जमत नाही आणि नक्कल त्याहून जमत नाही. आणि ही दोन्ही कामं न कंटाळता करणारं यंत्र तर शेजारीच उभं आहे. मग त्यालाच का सांगू नये?

म्हणून त्यांनी तुकडे टेपवर साठवले, प्रत्येकाला एक नंबर दिला, आणि ए-झिरो नावाचा प्रोग्रॅम लिहिला. आपण फक्त नंबर सांगायचे आणि कशावर काम करायचं ते सांगायचं. तुकडे शोधणं, एकापुढे एक मांडणं, पत्ते बदलणं, सगळं यंत्राकडे. यालाच त्यांनी कंपायलर म्हटलं. आजच्या भाषेत ते लिंकरच्या जास्त जवळचं काम होतं. मे १९५२ मध्ये पिट्सबर्गच्या परिषदेत त्यांनी त्यावर निबंध वाचला.

यात एक अडचण होती. प्रोग्रॅममध्ये मागे उडी मारायची असेल तर पत्ता माहीत असतो. पण पुढे, अजून न मांडलेल्या तुकड्यात उडी मारायची असेल, तर पत्ता आणायचा कुठून? इथे कॉलेजातलं बास्केटबॉल कामाला आलं. त्या काळच्या मुलींच्या नियमांत चेंडू घेऊन फार पुढे जाता येत नसे. म्हणून चेंडू मधल्या गड्याकडे द्यायचा, आपण पुढे धावायचं आणि चेंडू परत घ्यायचा. बाईंनी मेमरीच्या टोकाला थोडी जागा राखून ठेवली. पुढची उडी आधी त्या जागेकडे पाठवायची. ज्या तुकड्याकडे जायचं तो मांडून झाला, की राखीव जागेतून त्याच्याकडे दुवा जोडायचा. चेंडू बरोबर हातात.

संगणक फक्त गणितं करतो, प्रोग्रॅम लिहू शकत नाही, असं म्हणून बरेच दिवस कुणी लक्ष दिलं नाही. बाई थांबल्या नाहीत. पुढे इंग्रजी शब्दांत हुकूम घेणारी फ्लो-मॅटिक ही भाषा त्यांच्या गटाने केली. दाखवताना तोच प्रोग्रॅम त्यांनी फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवला, तर वरचे साहेब हबकलेच. फिलाडेल्फियातलं अमेरिकन यंत्र परदेशी भाषा बोलतं म्हणजे काय! यंत्राला सगळ्या भाषा सारख्याच परक्या, हे त्यांना पटेना. घरात एक, बाजारात दुसरी आणि वर्गात तिसरी भाषा बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना यातलं हसू लगेच कळेल. १९५९ मध्ये कोबोल भाषा ठरवली गेली, तिच्यावर फ्लो-मॅटिकचा मोठा ठसा आहे.

१९६६ च्या अखेरीस नौदलाने त्यांना निवृत्त केलं. १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावलं, आणि ते सहा महिने १९ वर्षं चालले. या काळात त्या गावोगाव व्याख्यानं द्यायच्या आणि सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचे तारेचे तुकडे वाटायच्या. एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त एवढंच अंतर जाते, हे हातात धरून कळावं म्हणून. ऑफिसातलं त्यांचं घड्याळ उलटं फिरायचं. सवय म्हणजे नियम नव्हे, हे आल्यागेल्याला आपोआप समजायचं. ऑगस्ट १९८६ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, रिअर अ‍ॅडमिरल म्हणून त्या निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचं निधन झालं. नौदलाने पुढे एका युद्धनौकेला त्यांचं नाव दिलं. तिचा क्रमांक ७०, योगायोगाने त्या किड्याच्या रिलेचाच.

आता आपल्या सेगमेंटेशन फॉल्टचं काय करायचं? बाईंच्या वहीचीच रीत. ठोकून ठोकून ओळी बदलत बसू नका, आधी जागा शोधा. डीबगिंगची माहिती ठेवून कंपाइल करा, जीडीबीमध्ये चालवा आणि पडल्यावर बॅकट्रेस मागा. कुठल्या फंक्शनमध्ये, कुठल्या ओळीवर, ते दिसेल. पत्ता शून्य असेल तर बहुधा पॉइंटर नल आहे, म्हणजे कुठल्याच खोलीकडे दाखवत नाही. आणि एक लक्षात ठेवा : प्रोग्रॅम जिथे पडला, तिथेच चूक असेल असं नाही. दहा घरांच्या अ‍ॅरेत अकरावं घर लिहिलं, तर त्या वेळी काहीच होत नाही. शेजारचा पॉइंटर बिघडतो आणि प्रोग्रॅम मरतो शंभर ओळींनंतर. अशा वेळी व्हॅल्ग्राइंड किंवा अ‍ॅड्रेस सॅनिटायझर चुकलेल्या पहिल्या दारापर्यंत नेतो.

आणि सापडलेली चूक वहीत लिहून ठेवा. तारीख, वेळ, जागा, कारण. चिकटपट्टी असली नसली तरी चालेल.