देव न मानणारा नीतिमान : गोपाळ गणेश आगरकर

'नास्तिक' हा शब्द जैन समाजाला नवा नाही. वेदप्रामाण्य न स्वीकारणारी दर्शने म्हणून चार्वाक व बौद्ध यांच्यासमवेत जैन दर्शनाचीही गणना शतकानुशतके नास्तिक दर्शनांत होत आली आहे. जगाचा कोणी कर्ता, धर्ता व संहर्ता ईश्वर आहे ही कल्पना आपल्या आचार्यांनी मान्य केली नाही. नवव्या शतकात आचार्य जिनसेनांनी आदिपुराणात सृष्टिकर्त्याच्या कल्पनेचे तर्कशुद्ध खंडन केले आहे. तीर्थंकर आपणांस वंदनीय आहेत ते मार्गदर्शक म्हणून. ते कोणाला शिक्षा करीत नाहीत आणि कोणाचे पाप माफही करीत नाहीत. णमोकार मंत्रात पंचपरमेष्ठींना नमस्कार आहे, मागणे मात्र एकही नाही.

असे असूनही एक प्रश्न पुनःपुन्हा विचारला जातो. वरून पाहणारा कोणी नसेल, तर माणसाने सचोटीने का वागावे? ईश्वराचा धाक सुटला की नीतीचा बांधही फुटणार नाही काय? या प्रश्नाला शास्त्रांत उत्तर आहेच. परंतु एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात एका थोर पुरुषाने त्याचे उत्तर आपल्या जगण्यातून दिले. ते जन्माने जैन नव्हते. ब्राह्मण कुळात जन्मले होते. त्यांचे नाव गोपाळ गणेश आगरकर. जेमतेम एकोणचाळीस वर्षांचे त्यांचे आयुष्य श्रावकानेही अभ्यासावे असे आहे.

दारिद्र्यातील विद्यार्थी

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या टेंभू या गावी झाला. घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची होती. शिक्षणासाठी त्यांना कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला व पुणे अशी भ्रमंती करावी लागली. कधी कचेरीत उमेदवारी, तर कधी दवाखान्यात कंपाउंडरचे काम करून त्यांनी दिवस काढले. अकोल्यास विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारख्या विद्वान शिक्षकाचे साहाय्य लाभले व १८७५ मध्ये ते मॅट्रिक झाले.

पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना त्यांच्यापाशी अंगावरचा एकच सदरा होता. रात्री तो धुवायचा व सकाळी तोच घालून वर्गात जायचे, असा त्यांचा क्रम होता. बक्षिसाचे निबंध लिहून व वर्तमानपत्रांत लेखन करून ते खर्च भागवीत. १८७८ मध्ये ते बी.ए. झाले. याच काळात मिल व स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञांचे ग्रंथ त्यांनी आत्मसात केले आणि कोणतीही गोष्ट केवळ परंपरेने आली म्हणून न स्वीकारता बुद्धीच्या कसोटीवर घासून पाहण्याची वृत्ती त्यांच्यात दृढ झाली.

त्या काळी एम.ए. झालेल्या तरुणाला सरकारी नोकरीत मोठ्या पगाराची जागा सहज मिळत असे. दारिद्र्यात दिवस काढलेल्या आईने मुलाकडून तशी अपेक्षा धरावी, हे स्वाभाविकच होते. परंतु आगरकरांनी आईला पत्र लिहून आपला निश्चय कळविला. पोटापुरत्या प्राप्तीवर समाधान मानून उरलेला सारा वेळ लोकांच्या हितासाठी वेचायचा, असा तो निश्चय होता. या त्यागाबद्दल स्वर्गात काही मिळेल अशी त्यांची समजूत नव्हती. पुढील जन्मी त्याचे फळ पदरात पडेल, असाही त्यांना भरवसा नव्हता. तरीही हा निश्चय त्यांनी अखेरच्या श्वासापर्यंत पाळला.

शिक्षक, संपादक व कैदी

विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक व माधवराव नामजोशी यांनी जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. एम.ए.ची परीक्षा आटोपताच आगरकर त्यात सामील झाले. जानेवारी १८८१ मध्ये 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे निघाली. 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर होते.

कोल्हापूरच्या छत्रपतींना त्यांचे कारभारी वाईट रीतीने वागवितात, अशा आशयाचा मजकूर या दोन्ही पत्रांत प्रसिद्ध झाला. दिवाण माधवराव बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. ज्या पत्रांच्या आधारे हा मजकूर छापला होता ती बनावट ठरली आणि १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. त्या दिवसांचा वृत्तांत आगरकरांनी पुढे पुस्तकरूपाने लिहिला. तुरुंगातच त्यांनी शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकाचे 'विकारविलसित' हे भाषांतर केले. एका परक्या राजपुत्राचा छळ होत आहे असे वाटल्यावरून त्यांनी लेखणी उचलली होती. त्यात स्वतःचा कवडीचाही लाभ नव्हता.

१८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. या दोन्हींच्या उभारणीत आगरकरांचा मोठा वाटा होता. प्राचार्य वामन शिवराम आपटे यांच्या निधनानंतर १८९२ मध्ये ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले व मृत्यूपर्यंत त्या पदावर राहिले.

'सुधारक' आणि लोकक्षोभ

राजकीय स्वातंत्र्य आधी की सामाजिक सुधारणा आधी, या प्रश्नावर टिळक व आगरकर यांचे मतभेद तीव्र झाले. १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला. आपली मते सौम्य करून संपादकपद टिकविणे त्यांना शक्य होते. पण ते त्यांच्या स्वभावात बसणारे नव्हते. ऑक्टोबर १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' हे स्वतंत्र पत्र काढले. त्याच्या इंग्रजी भागाची जबाबदारी गोपाळ कृष्ण गोखले यांनी सांभाळली.

'सुधारका'तून त्यांनी बालविवाह, विधवांचे केशवपन, अस्पृश्यता, सोवळेओवळे व अंत्यविधीतील अनिष्ट प्रथा यांवर कठोर टीका केली. मुलामुलींना एकच शिक्षण द्यावे व ते एकत्र द्यावे, हे त्यांनी एकोणिसाव्या शतकात मांडले. संमतिवयाच्या कायद्याने मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा वर्षे करण्यात आले, त्या वेळी म्हणजे १८९१ मध्ये महाराष्ट्रात मोठे वादळ उठले. आगरकर कायद्याच्या बाजूने खंबीरपणे उभे राहिले.

त्यांची भाषा धारदार होती व कित्येकदा ती समोरच्याला दुखवीत असे, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्या धारेमागे कोवळ्या वयात विधवा झालेल्या मुलीचे दुःख होते. तिच्या माथ्यावरील वस्तरा त्यांना सहन होत नसे. शास्त्र काय सांगते हे इतर पंडित पाहत असता, त्या मुलीला काय वाटते हे आगरकर पाहत होते.

पुण्यातील काही सनातनी मंडळींनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. स्वतःची अंत्ययात्रा डोळ्यांनी पाहण्याचा प्रसंग फार थोड्यांच्या वाट्याला येतो. आगरकरांनी तो सोसला, पण मते बदलली नाहीत आणि सूडबुद्धीही मनात धरली नाही. सारे जग विरोधात गेले असता आस्तिक मनुष्य परमेश्वर आपल्या पाठीशी आहे, असे म्हणून धीर धरतो. आगरकरांना तो आधारही नव्हता. त्यांना आधार होता तो आपल्या विवेकाचा.

घरात मात्र हा कठोर टीकाकार मृदू होता. पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या. त्यांच्या देवपूजेत आगरकरांनी अडथळा आणला नाही. स्वतःचे मत निर्भयपणे मांडणे वेगळे आणि ते दुसऱ्याच्या गळी बळजबरीने उतरविणे वेगळे, हा भेद ते जाणत होते. अनेकांतदृष्टीचे संस्कार झालेल्या वाचकास या वागण्याचे मोल सांगावयास नको.

नीतीचा पाया

आगरकरांची विचारसरणी थोडक्यात अशी सांगता येईल. विश्वाच्या मुळाशी काय आहे हे मानवी बुद्धीला कळणे शक्य नाही, असे त्यांना वाटे. म्हणून ते स्वतःस सर्वज्ञ समजणाऱ्या नास्तिकांपैकी नव्हते. त्यांना अज्ञेयवादी म्हणणे अधिक योग्य ठरेल. देवतांच्या कल्पना आदिमानवाच्या भयातून, अज्ञानातून व मृत पूर्वजांविषयीच्या समजुतींतून उत्पन्न झाल्या, असे त्यांचे मत होते. 'देवतोत्पत्ति' या निबंधात त्यांनी या विषयाचा ऊहापोह केला आहे.

मग चांगले कशास म्हणावे? ज्याने मनुष्याचे दुःख कमी होते व सुख वाढते ते चांगले, ही त्यांची कसोटी होती. खरे बोलणे, दुर्बलास साहाय्य करणे, दिलेला शब्द पाळणे यांना कोणाच्या आज्ञेची गरज नाही. मनुष्य समाजात राहतो, त्याला दुसऱ्याच्या वेदनेची कल्पना करता येते आणि परिणामांचा विचार करता येतो, एवढे नीतीला पुरेसे आहे, अशी त्यांची धारणा होती. धर्माच्या नावाखाली जेव्हा अन्याय होतो, तेव्हा तो अन्याय आहे हे आपण कशाने ओळखतो? आपल्या नीतिबुद्धीनेच. म्हणजे नीती ही धर्माज्ञेचीही परीक्षा करू शकते.

परीक्षा करून मगच स्वीकारावे हा विचार जैनांस परका नाही. आचार्य समंतभद्रांनी 'आप्तमीमांसा' या ग्रंथात प्रत्यक्ष आप्ताचीच परीक्षा केली आहे. देवांचे आगमन किंवा आकाशगमन यांसारख्या वैभवावरून कोणी थोर ठरत नाही, वचन निर्दोष असेल तरच तो आप्त, असे त्यांचे प्रतिपादन आहे. आज्ञाप्रधानी व परीक्षाप्रधानी असे श्रद्धेचे दोन प्रकार आपल्याकडे सांगितले जातात, त्यांतील परीक्षाप्रधानी वृत्तीशी आगरकरांचे नाते जुळते. येथे सोलापुरातही त्याच दशकात शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी 'जैन बोधक' हे पत्र सुरू केले होते. धर्मग्रंथ छापण्याससुद्धा समाजातून विरोध होण्याचा तो काळ होता. पुण्यात व सोलापुरात वारे वेगवेगळ्या दिशांनी येत होते. विवेकाची हाक मात्र एकच होती.

साम्य आणि भेद

आगरकर जैन विचाराचे होते असे म्हणणे चुकीचे ठरेल. जैन नीतीचा पाया आत्मा, कर्म व पुनर्जन्म हा आहे. ईश्वर नसला तरी केलेल्या कर्माचे फळ चुकत नाही, ही आपली श्रद्धा आहे. आगरकरांनी मरणोत्तर जीवनाचाही भरवसा धरला नव्हता. आपल्या दृष्टीने त्यांचे दर्शन अपुरे होते, असे म्हणण्याचा अधिकार आपणांस आहे.

परंतु येथेच श्रावकाने क्षणभर थांबावे. कर्मसिद्धांत मानणारा मनुष्य पुष्कळदा पुण्याकडे ठेवीसारखे पाहू लागतो. इतके दान केले, म्हणजे पुढे इतके मिळेल, असा हिशेब मनात मांडला जातो. शास्त्राने या वृत्तीला 'निदान' असे नाव दिले आहे. माया, मिथ्या व निदान ही तीन शल्ये असून शल्यरहित असेल तोच खरा व्रती, असे तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे. फळाची आस धरून पाळलेले व्रत म्हणजे काटा रुतलेला पाय होय. त्या पायाने चालता येते, पण मोक्षमार्गाची लांब वाट सरत नाही.

आगरकरांच्या जीवनात हा काटा दिसत नाही. त्यांना इहलोकी द्रव्य नको होते, परलोकाचा भरवसा नव्हता आणि लोकांकडून मिळाली ती प्रेतयात्रा. तरीही ते चांगलेच वागले. ज्याला आपण अपुरे दर्शन म्हणतो, त्याच्या आधाराने एवढे निष्काम आचरण घडत असेल, तर परिपूर्ण दर्शनाचा वारसा सांगणाऱ्यांवर किती मोठी जबाबदारी येते, याचा विचार झाला पाहिजे.

त्याच सातव्या अध्यायात अचौर्य व्रताच्या अतिचारांत खोटी मापे वापरणे व भेसळीचा व्यवहार करणे यांचा समावेश आहे. व्यापारी समाजाला याहून स्पष्ट काय सांगावे? गज सरळ धरावयाचा तो ग्राहक पाहतो म्हणून नव्हे, सरकारी निरीक्षक येईल म्हणून नव्हे, नरकाच्या भयानेही नव्हे. ज्याच्या पदरात बोटभर कापड कमी पडेल तो आपल्यासारखाच जीव आहे, म्हणून तो सरळ धरावयाचा. अहिंसेचा अर्थ दुकानाच्या गादीवर यापेक्षा वेगळा नाही.

अखेर

आगरकरांची प्रकृती दम्याने पोखरली होती. अतिश्रम व अल्प प्राप्ती यांमुळे ती सुधारली नाही. १७ जून १८९५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या उशाशी एक पुरचुंडी सापडली. आपल्या अंत्यविधीच्या खर्चासाठी त्यांनी थोडे पैसे बाजूस काढून ठेवले होते, पत्नीला त्या प्रसंगी कोणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून. ज्यांच्याशी हयातभर वाद झाला त्या टिळकांनी 'केसरी'त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला.

ती लहानशी पुरचुंडी हेच या लेखाच्या आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आहे. मृत्यूनंतर आपला हिशेब कोणी पाहणार आहे, असे न मानणाऱ्या माणसाने आपल्या माघारी कोणाचे देणे राहू नये याची काळजी घेतली. नीती ही भयाने पाळावयाची नसते. दुसऱ्याचे दुःख आपले वाटते म्हणून ती पाळली जाते.

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात पन्नास वर्षांतील दानशूरांची नावे आदराने घेतली जातील, व ती घेतलीच पाहिजेत. त्याबरोबरच फलकावर नाव न कोरता, फळाची अपेक्षा न धरता ज्यांनी संस्थेसाठी देह झिजविला, त्यांचेही स्मरण व्हावे. पुढील पन्नास वर्षांची वाटचाल निःशल्य भावाने व्हावी, हीच मंगल भावना. त्या वाटेवरील एक दूरचा, परंतु सच्चा सहप्रवासी म्हणून गोपाळ गणेश आगरकर यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.