गिटार न वाजवणारा गिटारवाला

गेल्या महिन्यात आमच्या क्वायरच्या इलेक्ट्रिक गिटारचा मधला पिकअप बंद पडला. फेस्त चार दिवसांवर आलेलं. नवा पिकअप आणला, तारा सोडल्या, वरच्या पांढऱ्या प्लेटचे ११ स्क्रू काढले आणि देवाचं नाव घेऊन प्लेट उलटी केली. आत वायरींचं जंजाळ असेल असं वाटलं होतं. पण तीन पिकअप, स्विच आणि तीन नॉब, सगळं त्या एकाच प्लेटवर बसवलेलं. बंद पडलेल्या पिकअपच्या वायरी दोनच. एक स्विचला जाते, दुसरी व्हॉल्यूमच्या नॉबखाली पाठीवर, अर्थिंगला. साहित्य शिकणाऱ्या मुलीलाही उघडता येईल अशी गिटार कोणी बरं बनवली असेल? शोधत गेले तेव्हा लिओ फेंडर भेटले.

लिओ यांचा जन्म १० ऑगस्ट १९०९ चा, अमेरिकेत कॅलिफोर्नियातला. आई-वडिलांची संत्र्यांची बाग होती. आठव्या वर्षी गाठ झाली म्हणून लहानग्या लिओचा डावा डोळा काढावा लागला आणि तिथे काचेचा डोळा बसला. पुढे काकांच्या दुकानात त्याने रेडिओ पाहिला आणि त्याला वेडच लागलं. घरी बसून तो रेडिओ जोडू लागला. कॉलेजात मात्र हिशेबशास्त्र शिकला. इलेक्ट्रॉनिक्सचा वर्ग त्याने कधी केलाच नाही.

मंदीच्या काळात हिशेबनिसाची नोकरी गेली, दुसरी धरली, तीही गेली. शेवटी १९३८ मध्ये लिओ यांनी उसने पैसे घेऊन फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. आसपासचे वादक आपले अ‍ॅम्प्लिफायर तिथे आणत. काय बिघडतं, का बिघडतं, आणि संध्याकाळी कार्यक्रम असलेला माणूस किती कासावीस होतो, हे सगळं या दुकानदाराने रोज पाहिलं. मला वाटतं, पुढचं सगळं इथूनच आलं.

आधी पिकअप म्हणजे काय ते सांगते. लोहचुंबकाच्या सहा छोट्या कांड्या, आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की वेढ्यांत अगदी किंचित वीज तयार होते. अ‍ॅम्प्लिफायर तीच वाढवून आपल्याला ऐकवतो. मग पोकळ पेटीची गरजच काय? १९५० मध्ये लिओ यांनी भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली. जुने कारागीर गिटारची मान सरसाने चिकटवत, यांनी ती चार स्क्रूंनी आवळली. मान वाकली तर नवी लावा, काम संपलं! त्या गिटारचं नाव ठेवलं ब्रॉडकास्टर. दुसऱ्या एका कंपनीचे त्याच उच्चाराचे ड्रम निघाले, हरकत आली, आणि छापलेल्या पट्टीवरून नाव चक्क कापून टाकावं लागलं. काही काळ त्या गिटारी नावाशिवायच विकल्या गेल्या. नंतर ती टेलिकास्टर झाली.

त्या गिटारच्या कडा बरगड्यांना टोचतात अशी वादकांची तक्रार होती. लिओ यांनी ऐकून घेतलं. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरचं अंग त्यांनी शरीराला लागेल तिथे तासून घेतलं. पिकअप तीन आणि स्विचच्या जागा तीन. वादक मात्र स्विच मुद्दाम दोन जागांच्या मधे अडकवू लागले, कारण तिथे दोन पिकअप एकत्र वाजून वेगळाच गोड आवाज यायचा. हे कारखान्यात कोणी योजलंच नव्हतं! पाच जागांचा स्विच कंपनीकडून यायला १९७७ उजाडलं. डावखुऱ्या जिमी हेंड्रिक्सने तर उजव्या हाताची स्ट्रॅट उलटी धरून जग गाजवलं.

आणि लिओ? त्यांना गिटार कधीच वाजवता आली नाही. लहानपणी पियानो आणि सॅक्सोफोन शिकले होते, तेवढंच. कदाचित म्हणूनच वाजवणाऱ्यांचं त्यांनी इतकं मन लावून ऐकलं असेल.

पुढे दीर्घ आजाराने ते खचले. आपलं आता खरं नाही असं वाटून १९६५ मध्ये त्यांनी कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली. थोड्याच दिवसांत दुसऱ्या डॉक्टरांच्या औषधाने ते खडखडीत बरे झाले! पण कंपनीबरोबर नावही गेलं होतं. स्वतः बनवलेल्या गिटारवर फेंडर लिहायचा हक्क आता फेंडरनाच नव्हता. पैसा मुबलक होता, स्वस्थ बसता आलं असतं. ते मात्र म्युझिक मॅन आणि नंतर जी अँड एल या नावांखाली पुन्हा पिकअपच घडवत बसले. कंपवाताने हात थरथरत असतानाही कामावर जात राहिले. २१ मार्च १९९१ ला ते वारले.

माझ्या दुरुस्तीचं काय झालं? पहिल्यांदा जोडलं तेव्हा नुसती घरघर आली. अर्थिंगचा डाख नीट बसला नव्हता. पुन्हा ११ स्क्रू, पुन्हा सोल्डरिंग आयर्न. या वेळी आवाज स्वच्छ आला आणि फेस्ताला गिटार वाजली. आमची गिटार स्वस्तातली नक्कल आहे, तिच्यावर भलत्याच कंपनीचं नाव आहे. पण प्लेट उलटून पाहिल्यापासून मी तिला लिओची गिटारच म्हणते.